मुरडलेला कोपरा

त्या राज्यात राजा नव्हता. सहा रंगांचा विस्कटलेला ठोकळा जो सर्वांत आधी जुळवील, त्याच्यापुढे सगळे मान तुकवत, आणि कित्येक वर्षे तो मान दाजीबा नावाच्या वानराकडे होता.

झिपरी नावाची खार पहिल्यांदा स्पर्धेला आली, तेव्हा तिचा सराव पाहून दाजीबाच्या कपाळाला आठी पडली. स्पर्धकांपुढे ठोकळे मांडण्याचा हक्क विजेत्याचा असे. झिपरीपुढे ठोकळा ठेवता ठेवता त्याने एक कोपरा जागच्या जागी मुरडला. असा कोपरा मुरडला, की मग तो ठोकळा जन्मभर फिरवला तरी जुळत नाही.

झिपरीची बोटे वाऱ्यासारखी चालली. सगळे रंग जागेवर आले, एक कोपरा तेवढा वाकडा राहिला. तिने सारे मोडून पुन्हा जुळवले, पुन्हा तेच. फांद्याफांद्यांवरून हशा उसळला.

"कुणीतरी कोपरा मुरडलाय," ती पंच कासवाला म्हणाली.

कासवाने दाजीबाकडे पाहिले.

"हरलीस तर हरलीस, पोरी," दाजीबा म्हणाला. "ठोकळ्याला कशाला बोल लावतेस?"

कासवाने मान कवचात ओढून घेतली.

त्या दिवसापासून झिपरीने ढोलीत दाणा साठवणे सोडले. इतर खारी बिया वेचत तेव्हा ही ठोकळा फिरवी. नखे झिजली, शेपटीचे केस गळले. जोडीदार व्हायला आलेला एक खारोबा दारात बराच वेळ उभा राहिला आणि निघून गेला. तो गेल्याचे तिला कळलेही नाही. प्रत्येक फिरकीबरोबर तिला तो हशा ऐकू येई, आणि हात आणखी वेगाने चालत.

अखेर तिने दाजीबाला हरवले. तेही असे, की त्याच्या अजून दोन बाजू जुळायच्या होत्या. जयजयकार झाला. झिपरी मात्र त्याच्या तोंडाकडे पाहत होती. त्याने पडावे, रडावे, कबूल करावे.

"छान जुळवलंस," एवढेच म्हणून तो उठला.

तेवढ्याने तिचे समाधान कसे व्हावे? दाजीबा लहानसहान रानांतल्या स्पर्धांना जाऊ लागला, तर ती तिथेही पोचली आणि त्याला हरवून आली. तो पिलांना गंमत म्हणून ठोकळा जुळवून दाखवी, तर ही पिलांच्या घोळक्यात शिरून त्याच्या आधी जुळवी. मग तो दिसेनासा झाला. झिपरी मानाच्या फांदीवर बसे, समोरची जागा रिकामी असे, आणि जिंकलेले तिच्या अंगी लागत नसे.

ती त्याला शोधत निघाली. नदीच्या वळणावर एका उंबराखाली तो एकटाच बसलेला सापडला. ती त्याच्यापुढे बसली, सोबत आणलेला ठोकळा विस्कटला, आणि आजवर कुणीच जुळवला नसेल इतक्या झपाट्याने जुळवून त्याच्या हातात आदळला.

"बघा!"

दाजीबाने तोंड वर केले. दोन्ही डोळ्यांवर पांढरे पडदे आले होते. "झिपरी का? आवाजावरून ओळखलं. दिसत नाही गं आता काही."

"तो कोपरा आठवतो ना तुम्हाला? माझ्या पहिल्या स्पर्धेतला?"

"कुठला कोपरा?" त्याने खरोखरच आठवून पाहिले. "आयुष्यभर कोपरेच तर फिरवले." मग त्याने ठोकळ्याच्या गुळगुळीत बाजूंवरून बोटे फिरवली. "हा जुळलाय का गं?"

झिपरीने त्या सहा अखंड रंगांकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली.

"मग जुळवू या," म्हणत दाजीबाने पहिली फिरकी दिली आणि रंग फुटले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "आता?"

"नाही."

तो फिरवत राहिला. उंबरे पिकून गळून गेली, नवी धरली. तो दर वेळी थांबून विचारी, आणि उत्तर द्यायला दुसरे कुणी नसल्यामुळे झिपरी तिथेच, त्याच्यासमोर, बसून राहिली.