उचकीच्या नवसाचा नळ

राजा उदंडसेनाच्या मुदपाकखान्यातला नळ तीन वर्षं बंद झाला नव्हता!

झालं होतं असं. महाराजांना एकदा उचकी लागली, ती अकरा दिवस थांबेना. वैद्य थकले, हकीम पळाले. शेवटी महाराज हात जोडून महादेवाला नवस बोलले, "देवा, उचकी थांबव. माझ्या मुदपाकखान्यात पाण्याची धार क्षणभरही तुटू देणार नाही!" देव भोळाच तो. उचकी थांबली. नळ सोडला, तो सुटलाच!

आता नळाची दांडी गंजून गळून पडली होती. मानेतून कारंजी उडत होती. आचारी गुंडोपंत होडीत चूल मांडून पुऱ्या तळत. लाटणं हवं असलं, की ते तरंगत आपल्याकडे येईपर्यंत वाट पाहायची!

तरी सगळं सुरळीत होतं. पण त्या सोमवारी सकाळी महाराजांच्या खिरीतून बेडूक निघाला.

"नळ बदला!" महाराज गरजले. "पण धार तुटता कामा नये. दिवेलागणीच्या आत काम झालं नाही, तर मुदपाकखान्यातली अकराही माणसं वेशीबाहेर!"

दरबारचा कारागीर म्हणाला, "महाराज, टाकीकडची चावी बंद केल्याशिवाय जुना नळ निघायचा नाही."

"आणि मग उचकी लागली, तर ती तू घेणार का?"

बिचाऱ्याने वाहत्या पाण्यातच पाना लावला. धारेने त्याला उचललं आणि थेट बासुंदीच्या कढईत नेऊन बसवलं! बासुंदी निवलेली होती म्हणून वाचला.

नवा नळ कोणता, यावरही एकमत नव्हतं. थोरल्या राणीसाहेबांना मोराच्या तोंडाचा हवा, धाकटीला हत्तीच्या सोंडेचा. प्रधानजी पंचांग उघडून नळाची रास शोधत होते.

मुदपाकखान्यात भांडी घासायला येसू होती. सोळा सोमवार तिने निष्ठेने केले होते आणि आज सतरावा, उद्यापनाचा. सांजेला याच चुलीवर तिचा नैवेद्याचा चूरमा व्हायचा होता. वेशीबाहेर कुठली चूल आणि कसलं उद्यापन? तिने मनात महादेवाला हाक मारली, पदर खोचला आणि पुढे झाली.

"महाराज, मी बदलते नळ."

प्रधानजी खो खो हसले. "तू? भांडी घासणारी?"

"तीन वर्षं मीच त्याच्यासमोर उभी आहे, प्रधानजी. तुम्ही त्याचं तोंड तरी पाहिलंय का?"

महाराजांनी मान डोलावली. येसूने दोन्ही हात कोपरापर्यंत कणकेत बुडवले आणि ती निवडीसाठी आणून ठेवलेल्या नळांपाशी गेली. मोराची चोच इतकी खाली, की तिच्याखाली हंडा मावेना. हत्तीच्या सोंडेत पाणी ओतून पाहिलं, तर धार मोरी ओलांडून प्रधानजींच्या धोतरावर! कोपऱ्यात एक साधा पितळी नळ पडला होता. मान उंच, दांडी लांब. येसूने कोपराने दांडी ढकलली. उघडला! पुन्हा ढकलली. मिटला!

"हा घ्या! कणकेच्या हातांनी उघडतो, तोच स्वयंपाकघराचा नळ."

"आणि धार?" महाराजांनी डोळे वटारले.

येसू देवळात गेली आणि गुरवाकडून पिंडीवर टांगायचं जादा अभिषेकपात्र मागून आली. मोरीवरच्या आकड्याला ते टांगलं, काठोकाठ भरलं. बुडाच्या भोकातून, दर्भाच्या काडीवरून बारीक धार मोरीत पडू लागली.

"पुजारी जेवायला गेला तरी पिंडीवरची धार तुटत नाही, महाराज. ती अशी."

"पण ही केवढीशी!"

"नवसात धारेची जाडी बोलला होतात का?"

महाराजांनी चावीकडे बोट दाखवलं. येसूने टाकीची चावी बंद केली. जुना नळ काढला. वटसावित्रीचं उरलेलं सूत तेलात भिजवून नव्या नळाच्या आट्यांवर सात वेढे गुंडाळले. "वडाला सात फेरे घालते, तुला जड आहेत का रे?" असं म्हणत नळ फिरवून घट्ट बसवला, चावी सोडली. थेंब गळेना!

तेवढ्यात...

"उच्क्!"

महाराजांनी तोंडावर हात ठेवला.

"नवस मोडला!" प्रधानजी किंचाळले. "हाकला हिला!"

"थांबा!" येसूने पात्राकडे बोट दाखवलं. "धार बघा. तुटली का?"

धार अखंड पडत होती.

"मग ही उच्क्... उचकी कसली?"

"कुणीतरी आठवण काढतंय, महाराज! त्याचं नाव घ्या, थांबेल."

"थोरल्या राणीसाहेब! उच्क्! धाकट्या राणीसाहेब! उच्क्! प्रधानजी! उच्क् उच्क्!"

"ही नावं कशाला? ज्या अकरा जणांना दिवेलागणीला वेशीबाहेर काढणार आहात, ते सकाळपासून तुमचंच नाव घेताहेत! एकेकाचं नाव घ्या."

महाराज चाचरले. गुंडोपंत सोडून एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं! येसू सांगत गेली आणि महाराज उच्चारत गेले. पुऱ्या लाटणारी ठमाबाई, उच्क्! लाकडं फोडणारा धोंडबा, उच्क्! दहा नावं झाली.

"आणि अकरावं?"

"येसू," ती म्हणाली आणि नव्या नळाचं तांब्याभर पाणी पुढे केलं.

"येसू!" म्हणत महाराजांनी तांब्या एका दमात रिकामा केला. उचकी गायब!

"अगं, पण ती थांबली कशानं? नावानं की पाण्यानं?"

"तीन वर्षं मी आणि पाणी एकाच मोरीत होतो, महाराज. आता कुणाला वेगळं काढणार?"

महाराज इतके हसले, की मुकुट पाण्यात पडला आणि तरंगत गुंडोपंतांच्या होडीला लागला! वेशीबाहेरचा हुकूम तिथल्या तिथे मागे घेतला. नवा नळ मिटला, तसं साचलेलं पाणीही मोरीतून ओसरलं. येसूच्या हातात सोन्याचं कडं आलं, अभिषेकपात्र कायमचं मुदपाकखान्यातल्या देवघरात लागलं आणि बेडकाला राजवाड्याचा हौद इनाम मिळाला.

"आणखी काय हवं, येसू?"

"चूल होडीतून खाली उतरवून द्या, महाराज. चूरमा करायचाय."

महाराजांनी धोतर खोचलं आणि स्वतः चूल उतरवली!