दारातलं सागाचं झाड

फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा विद्या शिकायला पैसे लागत नसत, पण खांब लागत असे.

डोंगरावरच्या विद्यालयात नियमच तसा होता. मूल सोळा वर्षांचं झालं की त्यानं आपल्या खोलीसाठी एक सागाचा खांब आणायचा. खांब दोन्ही पंजांत मावणार नाही इतका जाड हवा आणि स्वतःच्या दारात वाढलेला हवा, विकत घेतलेला चालायचा नाही. म्हणून खालच्या गावात बारशाच्या दिवशीच दारात सागाचं रोप लावत.

गावातल्या सुतारानंही लेकीच्या बारशाला रोप लावलं. झाड पाच वर्षांचं झालं आणि सुताराच्या भावाचं लग्न निघालं. मांडवाला एक खांब कमी पडला. सुतारानं कुऱ्हाड उचलली.

“अहो, ते पोरीचं झाड आहे!” सुतारीण कळवळली.

“अगं, पोरीचे अजून दुधाचे दातसुद्धा पडले नाहीत. दुसरं लावू की! सुताराच्या घरी लाकडाला काय तोटा?”

दुसरं लावलं. ते चार वर्षांनी गोठ्याला टेकू म्हणून गेलं. मग तिसरं लावलं.

लेक मात्र मोठी गुणाची. बकरीचा मोडलेला पाय तिनं कामट्या बांधून सरळ केला, तेव्हा गाव म्हणालं, “ही वैद्य होणार.” डोंगरावरच्या विद्यालयातल्या वैद्यआजींकडे शिकायचं, हेच एक वेड तिनं घेतलं.

ती सोळा वर्षांची झाली, तेव्हा तिसरं झाड होतं सात वर्षांचं, मनगटाहून थोडंसंच जाड. सुतार हिशेबी. त्यानं मांडवाचा जुना खांब आणला, गोठ्याचा टेकू काढला, तिसऱ्या झाडाची त्यातल्या त्यात जाड फांदी उतरवली. “पाच, चार आणि सात. झाली की सोळा वर्षं!” त्यानं तिन्ही लाकडं खुंट्या ठोकून अशी जोडली, की सांधा शोधून सापडू नये.

खांब घेऊन बापलेक डोंगर चढले. वैद्यआजींनी खांबावरून हात फिरवला. “कारागिरी नामी आहे,” त्या म्हणाल्या. “पण सुतारदादा, एवढंच सांगा. आषाढातल्या वादळात या खांबावरच्या छपराखाली तुम्ही लेकीला निजवाल?”

सुतारानं लेकीकडे पाहिलं. खोटं बोलायला त्याची जीभ रेटेना.

“नाही, आजी.”

“मग झाड वाढू द्या. मी असेन तोवर वाट पाहीन.”

डोंगर उतरताना लेक एवढंच म्हणाली, “बाबा, आता झाडाला पाणी मी घालीन.” ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सुताराला वाटलं.

नऊ वर्षांनी खांब तयार झाला. पंचविसाव्या वर्षी लेक डोंगर चढली, तेव्हा वैद्यआजींचं आसन रिकामं होतं. त्यांच्या शिष्यांकडून मिळालं तेवढं ती शिकली, चांगली वैद्य झाली. पण नुसत्या नाडीवर बोट ठेवून दुखणं ओळखायची आजींची विद्या आजींबरोबरच गेली होती.

त्यानंतर गावात कुणाकडे पाळणा हलणार असं कळलं, की लोक सुताराकडे पाळणा करायला सांगायला येत. तो आधी त्यांच्या हातात सागाचं रोप ठेवी आणि म्हणे, “अगोदर खड्डा खणा. पाळणा मी सावकाश देतो.”

तात्पर्य : मुलांच्या शिक्षणाची तरतूद पाळण्यापासून करावी आणि मध्येच तिला हात लावू नये, तोडलेली वर्षं कितीही कौशल्यानं जोडली तरी भार पेलत नाहीत.