थोरवे कुठल्या सांध्याला खेटला

तीच गोष्ट पुन्हा सांगू? मघाशी कान भाड्यानं दिले होते का? ऐका.

वेल्डिंगआधी पाइपाच्या तोंडाला तिरकी धार लागते, नाहीतर सांधा वरवर चिकटतो. त्यासाठी गेनबा वेल्डरनं घरीच यंत्र केलं. पाइपाभोवती मोटारसायकलची जुनी चेन आवळायची आणि तिच्यावरून ग्राइंडर फिरवायचा.

नळयोजनेचा ठेकेदार थोरवे, कडक इस्त्रीतला मोर, खदाखदा हसला. "फेक हे भंगार! माझी माणसं धारेवाचून जोडतात. उद्यापासून घरी बस."

"बसतो की. हा सांधा माझा, तो तुमच्या माणसांचा. पंप सोडतो. भरवसा असेल त्याला खेटून उभे राहा, मालक."

गेनबानं खटका दाबला मात्र, थोरवे टुणकन गेनबाच्या सांध्याला खेटला.

"लाइट गेलीय, मालक," गेनबा म्हणाला. "उद्या किती वाजता येऊ?"

गेनबाचं काम टिकलं. माफी मात्र अजून मागितली नाही, त्या थोरवेनं.