खुरप्याच्या धारेएवढा वेळ

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा कोंबड्या माणसांशी बोलत, आणि मनात आलं तर माणसं त्यांचं ऐकतही.

एका डोंगराच्या पायथ्याशी गाव होतं. गावाच्या कडेला एक लोहार आणि त्याची बायको राहत. दोघंही म्हातारी झालेली. मूलबाळ नव्हतं. घरात एक कोंबडी असे आणि ती दिवसाला एक अंडं देई. लोहार सकाळचं काम आटपून ऐरणीपासून उठला, की ताटलीत सोललेलं अंडं आणि चिमूटभर मीठ असे. कोंबड्या बदलत गेल्या, पण चाळीस वर्षं ताटली तशीच येत राहिली. ती कशी येते, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नाही. सूर्य कसा उगवतो, हे तरी आपण कुठं विचारतो?

मग एका वर्षी लोहारणीला ताप आला. तिला आवाजाचा त्रास नको म्हणून लोहारानं काम बंद ठेवलं. आठ दिवसांनी ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली. पेज पुढं केली तरी ती मान फिरवी. वैद्यांनी नाडी पाहिली आणि लोहाराला अंगणात नेलं. म्हणाले, चार दिवसांत हिच्या पोटात काही गेलं नाही, तर माझं औषध एकटं काही करायचं नाही. तिला आवडेल ते दे.

लोहारानं तिला विचारलं. ती हळूच म्हणाली, मऊ उकडलेलं अंडं खाईन.

लोहाराला हायसं वाटलं. ज्यानं उभ्या गावाचे नांगर घडवले, त्याला अंड्याचं काय कौतुक? त्यानं भट्टी पेटवली, कारण त्याला तोच एक विस्तव ठाऊक होता. भाता ओढला. पाणी खळाखळा उसळू लागल्यावर त्यात वरून अंडं सोडलं. ते तळाशी आपटून तडकलं आणि पाण्यात पांढरी लक्तरं तरंगू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं भीतीभीतीनं अंडं लगेच बाहेर काढलं. आत सगळं पाणीच होतं. लोहारणीनं ओठाला लावलं आणि खाली ठेवलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं ठरवलं, कच्चं तर मुळीच राहू द्यायचं नाही. भांड्यातलं पाणी आटेपर्यंत तो भाता ओढत राहिला. मग तसंच चटके खात अंडं सोललं, तर टरफलाबरोबर अर्धा पांढरा बलक निघून आला. आतला पिवळा दगडासारखा झाला होता. लोहारणीनं एक घास घेतला. तो घशात अडकला आणि तिला ठसका लागला. लोहार तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. हाताला नुसती हाडं लागत होती.

विहिरीवर शेजारची कुंभारीण भेटली. म्हणाली, "नांगराचे फाळ वाकवता, भावजी, आणि एक अंडं उकडेना? द्या इकडं, मी करते."

माझ्या घरचं मी बघेन, असं म्हणून लोहार घागर घेऊन निघाला.

चौथ्या सकाळी कोंबडीनं अंडं दिलं आणि ती तिथंच बसून राहिली.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "आता मी अंडी देणं थांबवून खुडूक बसणार. मी दिवसभर एक घडवते आणि तू घटकेत घालवतोस. जिला येतं ती घरातच निजली आहे. तिला विचारायला तुझं काय जातं?"

लोहार ते कोमट अंडं हातात घेऊन उभा राहिला. आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं तो तीन दिवस स्वतःला सांगत होता. खरं कारण वेगळं होतं. चाळीस वर्षं विचारलं नाही, ते आता कोणत्या तोंडानं विचारायचं, याची त्याला लाज वाटत होती.

तो आत गेला आणि अंथरुणाजवळ बसला.

"कसं करतेस गं तू हे?"

लोहारीण कोपरावर रेलून जराशी उठली. मग दम खात खात तिनं सांगितलं. अंडं गार पाण्यात ठेवायचं. दोन काटक्यांचा बारीक जाळ लावायचा. पाणी उकळायला लागलं, की थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि अंडं उचलून पुन्हा गार पाण्यात सोडायचं.

"थोडा म्हणजे किती?"

"ते मला कुठं ठाऊक? ते तुम्ही सांगायचात."

लोहाराला काही उमजेना. तेव्हा ती म्हणाली, "पाण्याला उकळी आली, की मी कान देऊन बसायची. तुम्ही खुरप्याची धार ठोकायला घ्यायचात. मग ते पाण्यात बुडवलंत, की चुर्र व्हायचं. तुमच्या खुरप्याला पाणी मिळालं, की मी माझ्या अंड्याला द्यायची. विळ्याला वेळ लागतो, म्हणून विळ्याच्या दिवशी तुम्हाला घट्ट अंडं मिळायचं."

लोहार खाली मान घालून बसला. त्याला वाटे, आपण ऐरणीपाशी एकटेच असतो.

मग तो उठला. चूल ऐरणीशेजारीच मांडली. गार पाण्यात अंडं ठेवलं, दोन काटक्या लावल्या आणि भट्टीत एक खुरपं तापत ठेवलं. पाण्यात बुडबुडे नाचू लागले तसं त्यानं खुरपं ऐरणीवर घेतलं. कित्येक दिवसांनी घरात हातोडा वाजला. आत लोहारणीनं डोळे मिटून घेतले.

चुर्र झालं.

लोहारानं अंडं गार पाण्यात सोडलं. निवल्यावर पाण्यातच सोललं. टरफल सहज सुटलं. मधून कापलं, तर आतला पिवळा कोवळ्या उन्हासारखा मऊ होता. त्यानं मीठ लावून ताटली पुढं धरली. तिनं अर्धं अंडं सावकाश खाल्लं आणि उरलेलं अर्धं त्याच्याकडं सरकवलं.

"तुम्ही तरी कुठं जेवलात?" ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी तिनं पेज मागितली. पंधरवड्यानं ती भिंतीला धरून अंगणात आली. कुंभारणीनं दिलेली अंडी तोवर कोंबडीनं पोटाखाली घेतली होती. त्यातून निघालेल्या पिल्लांच्या कोंबड्या झाल्या आणि घरात दिवसाला दोन अंडी येऊ लागली. ती कधी लोहारीण उकडी, कधी लोहार. तो चुलीपाशी असला, की लोहारीण ऐरणीजवळ बसून त्याच्यासाठी खुरप्याची धार ठोके. तिची धार काही फार चांगली नसे, पण अंडं बरोबर होई.

ज्याच्या हातचं आपण रोज खातो, त्याला ते कसं करतोस हे वेळेवर विचारावं.