करवंदीला बांधलेला दोर

पूर्वी अश्मक देशात एक राजा सुखाने राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कड्याच्या माथ्यावर उंबराचे देव होऊन राहत होते, आणि त्या सकाळी त्यांच्या मुळाशी नवराबायकोचे भांडण पेटले होते. बायको उत्पली कड्याच्या टोकाशी पालथी पडून खाली ओरडत होती. नवरा भल्लक कड्याच्या मध्यावर लोंबकळत वर ओरडत होता. मधे नुसती हवा होती, पण भांडणाला तिची काही अडचण नव्हती.

भल्लक मध काढणारा. त्या डोंगरातली रीत अशी, की कड्यावरून उतरणाऱ्याचा दोर उंबराला वेढा देऊन त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा. आपली बहीण विधवा व्हावी, असे कोणत्या भावाला वाटेल? आणि उतरणाऱ्याने आधी उंबरापुढे डोके टेकून म्हणायचे, "देवा, जीव तुझ्या ओटीत घातला." भल्लक हे नीट म्हणाला होता. मेव्हणा सातक दोर धरून उभाही होता. पण कड उतरून वरच्यांच्या नजरेआड होताच भल्लकाने कमरेला गुंडाळलेला दुसरा दोर सोडवला आणि कपारीतल्या करवंदीच्या झुडपाला बांधला. मागच्या खेपेला वाटणी करताना त्याने मेव्हण्याला पातळ मध दिला होता आणि दाट आपल्या घरी नेला होता. तेव्हापासून त्याला सातकाच्या साध्या हसण्यातही डाव दिसे.

कोणी म्हणेल, दोन दोर असले तर बरेच की. म्हणणाऱ्याने एकदा कड्यावर लोंबकळून यावे. आग्या मोहोळ उठले, की वरच्याने दोर हलवून खालच्याला झोका द्यायचा आणि बाजूला न्यायचे. ज्याची कमर झुडपाला जखडली त्याला कसला झोका? तो मधमाश्यांपुढे ताटात वाढलेला.

नेमके तेच झाले. मोहोळ उठले, सातकाने जोर लावला, पण भल्लक जागचा हलेना.

"दाजी, तुम्ही कशाला तरी अडकलाय," सातक म्हणाला.

भल्लकाने साफ नाकारले. मग उत्पलीने मान लांबवून पाहिले, करवंदीवरची गाठ तिला दिसली, आणि खरे भांडण इथून सुरू झाले. तिने आधी त्याचा खोटेपणा काढला, मग तो पातळ मध काढला, मग लग्नात तिच्या माहेरच्यांना न पुरलेली खीरसुद्धा काढली. तो म्हणाला, हे घरी गेल्यावर बोलू. ती म्हणाली, घरी यायचे असेल तर कमरेचा कोयता घे आणि करवंदीचा दोर काप.

"कापला आणि तुझ्या भावाने सोडलं तर?"

"तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच भीती वाटते."

सातकाला हसू फुटले, तशी उत्पलीने त्याला दटावले, हसताना हात सैल पडतात म्हणून.

पहिली माशी भल्लकाच्या कानाला डसली, दुसरी नाकाला. आता तो "उंबरदेवा, वाचव" असा टाहो फोडू लागला. हात मात्र करवंदीच्या दोरावरून निघेना.

बोधिसत्त्व ते ऐकत होते. डोके आपल्यापुढे टेकले आणि भरवसा झुडपावर ठेवला, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. दुसरा एखादा देव रुसून बसला असता. बोधिसत्त्वांना त्याची दया आली. करवंदी उपटून टाकणे त्यांना अवघड नव्हते, पण त्यांनी विचार केला, 'मी उपटली तर हा आणखी भेदरेल आणि पुढच्या वेळी तिसरा दोर आणील. सोडायचे ते त्यानेच सोडावे. धरायचे ते मी धरतो.' आणि त्यांनी आपली मुळे कातळाच्या भेगेत आणखी खोल रोवली.

तेवढ्यात उत्पली एक वाक्य बोलली. ते शेवटाला राखून ठेवू. ते ऐकून भल्लकाने हाक मारायला तोंड उघडले आणि तसेच मिटले. त्याने करवंदीकडे पाहिले. त्याच्या हिसक्यांनी तिची अर्धी मुळे उघडी पडली होती. मग त्याने वर पाहिले. उंबर जिथल्या तिथे होता. भल्लकाने डोळे मिटले आणि कोयता चालवला.

सातकाने असा झोका दिला, की दाजी घारीसारखे कड्याच्या दुसऱ्या अंगाला गेले आणि मधमाश्या मागे राहिल्या. वर आला तेव्हा भल्लकाचे नाक पिकल्या उंबरासारखे झाले होते. ते तसेच घेऊन तो देवापुढे पालथा पडला, आणि संध्याकाळी दाट मधाचा तुंबा मेव्हण्याच्या दारात आपल्या हाताने ठेवून आला. पुढे तो एकाच दोरावर उतरे आणि झोका घेताना गाणे म्हणे.

भिक्षुसंघापुढे ही कथा सांगून संघाचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, शरण येऊनही चीवराच्या आत ताईत लपवणारा हा पोतक तेव्हा भल्लक होता. तो ताईत ओढून काढणारी भिक्षुणी नंदवती तेव्हा उत्पली होती. तिकडे हसू दाबत बसला आहे तो तिस्सक म्हणजे सातक, आणि उंबराचा देव मी होतो. मागे काहीही राखून न ठेवता जी ठेवली जाते, ती श्रद्धा."

पोतकाने मान खाली घालून विचारले, ते भांडण मिटले कोणत्या वाक्याने? तेव्हा शास्त्यांनी उत्पलीचे वाक्य जसेच्या तसे सांगितले:

"जीव करवंदीला बांधलास ना, मग आता हाकही करवंदीलाच मार."