डावखुरी पलटण

एकदा एक शिष्या भर अंगणात घसा फोडून सांगत होती, आणि तिच्यावर कुणाचा म्हणून विश्वास बसत नव्हता.

तिचे गुरू वयोवृद्ध. जुन्या युद्धांची छापील चित्रं त्यांनी जन्मभर जमवली होती; तोफा, भाले, घोडदळ, पायदळ. त्यांतलं सर्वांत दुर्मीळ चित्र, म्हणजे तलवार उपसायच्या पवित्र्यात उभी शिपायांची ओळ, दामोदरशेठ खरवडकर नावाच्या व्यापाऱ्यानं प्रदर्शनासाठी नेलं होतं. आज त्यानं ते चारचौघांसमक्ष परत दिलं. शिष्येनं एकदाच पाहिलं.

"हे आपलं नव्हे. आपल्या शिपायांच्या तलवारी डाव्या कमरेला होत्या."

जमलेल्या जाणकारांनी भिंगं लावली. कागद जुनाट, शाई तशीच, मुठींची नक्षीही तीच. "तुला नीट आठवत नसेल, बाई," ते म्हणाले.

"कालची शिष्या, आज परीक्षक!" व्यापारी चढला. "माझी अब्रू घेतली हिनं. गुरुजी, पाय धरून माफी मागू दे, नाहीतर आजच्या आज हिला घालवा."

"पाय? आधी धुऊन या ते!" शिष्या म्हणाली खरी. पण त्या चित्रांवाचून तिला दुसरं जग नव्हतं.

गुरू उठून आत गेले. आतून त्यांनी खरी तलवार आणि ढाल आणली. चित्रात होती तशीच तलवार व्यापाऱ्याच्या उजव्या कमरेला बांधली, ढाल उजव्या हातात दिली.

"शेठ, आता उपसा."

सगळे बुचकळ्यात पडले. व्यापाऱ्यानं डाव्या हातानं हिसका दिला. तलवार म्यानात अर्ध्यावर अडकली, ढाल गुडघ्यावर आदळली. हशा पिकला.

"अहो, शिपाई डावखुरा असेल!" व्यापारी म्हणाला.

"अख्खी ओळ?" शिष्या गरजली. "सगळी पलटण एकाच आईची का?"

तेव्हा गुरू म्हणाले, "ही चित्रं दगडावर रेखून कागदावर छापतात. मूळ चित्र दगडावर जसंच्या तसं गिरवलं, तर छाप उलटी उमटते, डाव्याचं उजवं होतं. नक्कल करणारा तेवढं विसरला. आपण सारे शस्त्र न्याहाळत बसलो. हिनं शस्त्र धरणारा माणूस पाहिला. युद्धाचं चित्र जमवणाऱ्याच्या नजरेतून माणूसच निसटला, तर त्याच्या हाती नुसता कागद उरतो."

भिंगं खिशात गेली, माना खाली गेल्या. शिष्येनं मात्र कमरेवर हात ठेवले.

"मघापासून मला खोटी ठरवलंत, तेही ओरडून. आता खोटा कोण, ते तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

आणि साऱ्या अंगणानं एका सुरात सांगितलं, "दामोदरशेठ खरवडकर!"