एकादशीचा कोंबडा

बोरवंडीच्या महाराजांनी एकदा हुकूम काढला, की कामावर असताना कोतवालाने काहीही केलं तरी त्याच्यावर फिर्याद चालणार नाही. मग काय, गिरजोजी कोतवालांना रान मोकळं! ऐन एकादशीला गस्त घालता घालता त्यांनी चंपाक्काचा कोंबडा धरला आणि तिच्याच अंगणात भाजून फस्त केला.

दुसऱ्या दिवशी चंपाक्का तणतणत दरबारात आली. लाडाचा कोंबडा तिचा, ती काय गप्प बसतेय?

"फिर्याद चालायची नाही!" कोतवाल ढेकर देत म्हणाले. "कामावर असताना माझा हात तो महाराजांचा हात, अन् माझं तोंड ते महाराजांचं तोंड!"

"असं होय?" चंपाक्काने महाराजांना वाकून मुजरा केला. "मग माझी काही फिर्याद नाही, सरकार. फक्त कोंबडा म्हातारा होता. काल एकादशीला आपल्याला बाधला तर नाही ना?"

पडद्याआडून महाराणींचा आवाज आला, "म्हणजे? काल नुसती भगर खाल्ली म्हणालात, ते खोटं?"

महाराज ताडकन उठले. "आम्ही नाही खाल्ला! यानं खाल्ला, स्वतःच्या तोंडानं खाल्ला!"

"मग आता," चंपाक्का पदर खोचत म्हणाली, "चालवा फिर्याद."

कोतवालांचा पुढचा ढेकर घशातच अडकला.